नेटचा ईसीजी

शीर्षक वाचून दचकू नका. हॉस्पिटलचा विषय नाहीये. विषय आहे आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा! ते गंडलं की आपण काय करतो? राउटर बंद-चालू करतो. मग कस्टमर केअरला फोन लावतो. पलीकडून गोड आवाजात उत्तर येतं, "मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये सगळं ओके दिसतंय." आणि आपण गप्प बसतो. कारण त्यांच्याकडे सिस्टिम असते आणि आपल्याकडे फक्त वैताग!

गेल्या काही वर्षांत मात्र हे चित्र बदलायला लागलंय. बँका आणि आयटी कंपन्यांच्या एसी रूममध्ये, भिंतभर स्क्रीन लावून जे काम चालायचं, ते आता चार खुर्च्यांच्या ऑफिसातल्या टेबलावर येऊन बसलंय. बिझनेस कनेक्शन मॉनिटरिंग असं त्याचं भारदस्त नाव. फंडा एकदम सिंपल. कनेक्शनची नाडी दिवसरात्र बघायची आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं. आपण करतो ती स्पीड टेस्ट म्हणजे डॉक्टरांनी एकदा स्टेथोस्कोप लावून "नॉर्मल आहे" म्हणण्यासारखं. दुखायला लागतं ते नेमकं दवाखान्याबाहेर पडल्यावर! म्हणून हा चोवीस तासांचा ईसीजी.

या प्लॅटफॉर्म्समध्ये नवीन काय काय आलंय, हे बघायला मी कुठल्याही टेक एक्स्पोला गेले नव्हते. दिवाळीला घरी गेले होते. वर्ध्याला.

बापूंचा फोन आणि दादाचं ऑफिस

ज्यांना वर्धा म्हणजे 'नागपूरच्या अलीकडचं स्टेशन' एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. नागपूरपासून साधारण ७५ किलोमीटर. मे महिन्यात भट्टी. येताना गोरसपाक आणला नाही तर मित्रमंडळी आपल्याशी बोलत नाहीत. आणि शहराला लागून सेवाग्राम.

सेवाग्रामच्या आश्रमात बापूंचं कार्यालय आहे, तिथे एक जुना टेलिफोन जपून ठेवलाय. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. १९३६ ते १९४३ हा त्यांचा कार्यकाळ. शाळेच्या सहलीत आम्ही तो ढीगभर वेळा बघितलाय, तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आता वाटतं. व्हाइसरॉयनी बापूंना "जिथे फोन आहे तिथे राहायला या" असं सांगितलं नाही. माणूस जिथे काम करत होता, तिथे लाइन गेली!

आज आपल्या पिढीचा सगळा झगडा याच एका गोष्टीचा आहे. आपण लाइनकडे जायचं, की लाइन आपल्याकडे येणार?

माझ्या आतेदादाने याचं उत्तर स्वतःपुरतं ठरवून टाकलंय. आर्वी नाक्याजवळ त्याचं चार माणसांचं ऑफिस आहे. पुण्या-नागपूरच्या छोट्या कंपन्यांचे हिशेब आणि जीएसटीचं काम. दर महिन्याची २० तारीख म्हणजे ३-बी रिटर्नची डेडलाइन. त्या दिवशी ऑफिसात कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं २० तारखेचं पेटंट वाक्य होतं, "नेट चालूनच नाही राहिलं न!" आणि क्लायंटचं पेटंट उत्तर, "तुमच्या वर्ध्याकडे असंच असतं का हो?"

या एका "असंच असतं का" मुळे माणसाचं काम जातं, बरं का. पुण्यातल्या ऑफिसचं नेट गेलं तर नेट गेलेलं असतं. वर्ध्यातल्या ऑफिसचं गेलं तर वर्धा गेलेलं असतं!

मग दादाने एक मॉनिटरिंग सर्व्हिस घेतली. राउटरला जोडलेली, साबणाच्या वडीएवढी एक डबी आणि ब्राउझरमध्ये उघडणारा एक डॅशबोर्ड. फराळाची प्लेट घेऊन मी त्याच्यासमोर बसले आणि त्याने मला टूर दिली.

पाच मिनिटांचा घोळ

आधी थोडी हिस्टरी, बोअर करणार नाही. 'पिंग' हा शब्द तुम्ही ऑफिसात रोज वापरता, "मला पिंग कर" वगैरे. मूळ पिंग हा प्रोग्राम आहे. माइक म्यूस या अमेरिकन इंजिनिअरने तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधायला आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा, तोच प्रकार. एक छोटं पाकीट पाठवायचं आणि ते परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. आजचे झकपक डॅशबोर्डसुद्धा याच पायावर उभे आहेत.

त्यापुढची पायरी म्हणजे ग्राफ. टोबी ओएटिकर नावाच्या तरुणाने १९९४-९५ मध्ये इंग्लंडमधल्या डी माँटफर्ट युनिव्हर्सिटीत काम करताना एमआरटीजी नावाचं टूल बनवलं. कारण काय, तर अख्ख्या युनिव्हर्सिटीला मिळून ६४ केबीपीएसची एक लाइन होती आणि ती किती भरलीय हे प्रत्येकाला बघायचं होतं. ६४! आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हटलं गेलं. २०१३ मध्ये ती व्याख्या ५१२ वर गेली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर.

एमआरटीजी दर पाच मिनिटांनी मोजायचं. पुढे हीच सवय सगळ्या टूल्सना लागली. आणि इथेच घोळ आहे. समजा, क्लायंटबरोबरच्या कॉलमध्ये तुमचा आवाज वीस सेकंद गायब झाला. तुमच्यासाठी ती वीस सेकंदं म्हणजे अख्खं जन्म! पण पाच मिनिटांच्या सरासरीत ती कुठे बुडाली कळतसुद्धा नाही. ग्राफ म्हणतो सगळं छान, आणि क्लायंट म्हणतो, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये."

नव्या प्लॅटफॉर्म्समधला पहिला मोठा बदल हाच. ते सेकंदासेकंदाला मोजतात. सरासरी दाखवण्याऐवजी सगळ्यात वाईट क्षण दाखवतात. दादाच्या स्क्रीनवर एका मंगळवारी दुपारी बारीक बारीक लाल दाते दिसत होते, करवतीसारखे. "हे बघ," तो म्हणाला, "आधी मला वाटे का माझाच भ्रम आहे."

रस्ता रिकामा, चौक जाम

दुसरं फीचर मला जाम आवडलं. लोडखालची लेटन्सी. घाबरू नका, सोप्पं आहे. समजा, तुमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे. स्पीड टेस्ट मस्त येते. तरी शेजारच्या टेबलावर कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली, की तुमचा व्हिडिओ कॉल रोबोटसारखा बोलायला लागतो. का? तर राउटर सगळी पाकिटं एका लांबलचक रांगेत उभी करतो. तुमच्या आवाजाचं एवढंसं पाकीट त्या फाइलच्या शंभर पाकिटांमागे ताटकळत राहतं. बजाज चौकात ट्रकच्या रांगेमागे ॲक्टिव्हा अडकते ना, सेम टू सेम!

या आजाराला 'बफरब्लोट' म्हणतात. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या इंजिनिअरने घरच्या नेटवर वैतागून त्याचा पाठपुरावा केला आणि जगाचं लक्ष त्याकडे गेलं. गंमत म्हणजे यावर जास्त स्पीडचा प्लॅन हा इलाज नसतो. राउटरमध्ये रांगेची शिस्त लावायची सेटिंग असते, ती चालू करावी लागते. दादाचं दर महिन्याचं "मोठा प्लॅन घेऊ का" हे टेन्शन एका सेटिंगमध्ये गेलं. प्लॅन तोच, पैसे तेवढेच!

आणि अंतराचा बाऊ करणाऱ्यांसाठी एक हिशेब. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. वर्धा ते मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम ७-८ मिलिसेकंद. मधली यंत्रं, वळसे धरून ते काही पट होतील. पण आवाजाच्या कॉलला एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. वर्धा लांब आहे म्हणून कॉल तुटत नाही, बॉस. मधे कुठेतरी काहीतरी बिघडलंय म्हणून तुटतो. प्रश्न एवढाच, की कुठे?

नक्की कुठे बिघडलंय?

याचं उत्तर देणारं फीचर म्हणजे तिसरं. नवे प्लॅटफॉर्म्स फक्त तुमची लाइन मोजत नाहीत. तुमचा राउटर, तुमचा प्रोव्हायडर, त्यापुढचं नेटवर्क आणि शेवटी ज्या सॉफ्टवेअरवर तुम्ही काम करताय ते, असे सगळे टप्पे वेगवेगळे मोजतात. एका २० तारखेला दादाच्या स्क्रीनवर पहिले तीन टप्पे हिरवेगार होते आणि शेवटचा लालबुंद. क्लायंटने घेतलेलं क्लाउडवरचं अकाउंटिंग सॉफ्टवेअरच गळपटलं होतं! दादाने राउटरला हातही लावला नाही. स्क्रीनशॉट काढून क्लायंटला पाठवला. पलीकडून दोन मिनिटांत फोन आला, आणि या वेळी "तुमच्या वर्ध्याकडे" हे शब्द नव्हते.

चौथं फीचर ऐकून मी प्लेट खाली ठेवली. त्याचं नाव आहे डाइंग गॅस्प. म्हणजे शेवटचा आचका! फायबरच्या मोडेमची वीज गेली, की पूर्ण बंद पडायच्या आधीच्या काही मिलिसेकंदांत तो प्रोव्हायडरच्या यंत्राला एक निरोप पाठवतो, "मी चाललो, माझी वीज गेली." फायबर तुटली असेल तर हा निरोप येत नाही, मोडेम थेट गप्प होतो. या एका खुणेवरून कळतं, की दोष विजेचा की वायरचा. तुमचा प्रोव्हायडर ही माहिती तुमच्या डॅशबोर्डला देत असेल, तर अर्ध्या तासाचं भांडण वाचतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाणं काही नवीन नाही. पूर्वी वीज गेली तरी नेटवाल्याला शिव्या आणि नेट गेलं तरी इन्व्हर्टरवाल्याला!

त्याच्याच जोडीला फायबरमधल्या प्रकाशाचा ग्राफ. घराघरांत असणाऱ्या जीपीओएन फायबरच्या मोडेमला साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम या पट्ट्यातला प्रकाश लागतो. आकडा रोज थोडा थोडा खाली सरकत असेल, तर समजा कुठेतरी जोड सैल होतोय किंवा वायर मुडपलीय. म्हणजे लाल दिवा लागायच्या आधीच तक्रार करता येते. आजार वाढायच्या आधीच निदान!

दोन कनेक्शन, एकच खांब

आता तुमच्यापैकी हुशार मंडळी म्हणतील, एवढा कुटाणा कशाला? दोन कंपन्यांची दोन कनेक्शन घ्या, एक गेलं की दुसरं. करेक्ट! दादाकडेही दोन होती. तरी एके दिवशी दोन्ही एकाच मिनिटाला गेली. डॅशबोर्डवर दोन्ही लाइनचे मार्ग शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं, की दोन्ही कंपन्या पुढे जाऊन एकाच ठिकाणाहून सिग्नल घेत होत्या. दारात येतानाही दोन्ही वायरी त्याच खांबावरून. नावं दोन, बिलं दोन, जीव मात्र एकच! मग दादाने दुसरं फायबर काढून तिथे मोबाइल नेटवर्कचा राउटर लावला. पहिली लाइन नुसती बंद पडल्यावरच नाही, तर खराब व्हायला लागल्यावरही काम आपोआप तिकडे सरकतं. हे आपोआप सरकणं, आणि सरकल्याची वेळ लिहून ठेवणं, हे पाचवं फीचर.

वायर तुटते कशी, हे वेगळं सांगायला नको. रस्ता रुंद करायचाय, जेसीबी येतो, एक घास घेतो. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं तेव्हा दूरसंचार विभागाने दिलेला अंदाज होता, की देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यात ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं. खोदण्याआधी ज्याची वायर आहे त्याला कळवायचं, एवढीच साधी कल्पना. गावांसाठीच्या भारतनेट योजनेतही हाच धडा घेतला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिच्या सुधारित आराखड्यात ग्रामपंचायती एका सरळ रेषेत न जोडता वर्तुळात जोडायचं ठरलं. म्हणजे एका बाजूने वायर तुटली तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येत राहील. तुमच्या ऑफिसलाही हाच नियम लावा की!

सहावं फीचर सगळ्यात नवं आणि सगळ्यात जास्त गाजावाजा असलेलं. अर्थात एआय! पूर्वी अलर्टचा भडिमार व्हायचा. रात्री तीन वाजता नेट दहा सेकंद गेलं तरी फोन किंचाळायचा. मग लोक अलर्टच बंद करून टाकायचे. आता सिस्टिम आधी काही आठवडे तुमचं रुटीन शिकते. सोमवारी सकाळी किती लोड नॉर्मल, रविवारी किती. त्यापेक्षा वेगळं काही घडलं तरच सांगते. आठवड्याच्या शेवटी साध्या भाषेत दोन परिच्छेदांचा रिपोर्ट देते. माझं मत विचाराल तर रिपोर्ट वाचा, पण खालचा ग्राफसुद्धा उघडून बघा. कारणाबाबत एआयचा अंदाज चुकू शकतो, मोजलेला आकडा बघितलेला बरा.

९९ टक्के म्हणजे किती?

तुमच्या प्रोव्हायडरने '९९ टक्के अपटाइम' असं लिहून दिलं तर खूश व्हाल ना? थांबा. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्याचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटं. दादाची २० तारीख त्यात आरामात बुडते. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं. दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यासाठी बिझनेस प्लॅनचे एवढे पैसे का लागतात, ते कळलं?

आणि हे मोजणार कोण, हा खरा सवाल. ट्रायचे नवे सेवा-गुणवत्ता नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्यात मोबाइल सेवा २४ तासांहून जास्त काळ बंद राहिली, तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यायची तरतूद त्यात आहे. छान आहे. पण हे माप जिल्ह्याचं झालं. तुमच्या गल्लीत, तुमच्या ऑफिसात, ऐन कामाच्या वेळी दहा-दहा मिनिटं सेवा कोसळत राहिली, तर त्याची नोंद ठेवायला कुणी येणार नाही. ती तुमची तुम्हालाच ठेवावी लागेल.

नोंद नसली की काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून जाहीर झालं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत, एप्रिलमध्ये, राज ठाकरे यांनी सभेत व्हिडिओ लावून विचारलं, की हे गाव डिजिटल आहे कुठे? भाजपने उत्तरादाखल आपला व्हिडिओ आणला. महाराष्ट्राने चवीने दोन्ही बघितले. मला मात्र तेव्हापासून एकच वाटतं. त्या गावाच्या लाइनचा वर्षभराचा ग्राफ ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला असता, तर कुणालाच कॅमेरा घेऊन जावं लागलं नसतं. किती दिवस चालू, किती दिवस बंद. विषय संपला!

मैत्रिणीची तीन महिन्यांची फाइल

माझी एक शाळेतली मैत्रीण हिंगणघाटला असते. पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी, पण काम घरून. आई आजारी असते, घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे पुण्याला परतणं तिच्यासाठी 'चॉइस' नाहीये. गेल्या वर्षी मॅनेजरने सांगितलं, "संध्याकाळच्या कॉल्समध्ये तू सारखी तुटतेस. तिकडचं नेट असंच असणार. एक तर ऑफिसला ये, नाहीतर बघू." त्या 'बघू'चा अर्थ आपल्याला कळतो.

तिने वाद घातला नाही. फुकटातलं एक ओपन सोर्स टूल जुन्या लॅपटॉपवर टाकलं आणि तीन महिने चालू ठेवलं. एक रेघ घरच्या लाइनची, दुसरी मुंबईच्या एका सर्व्हरची, तिसरी कंपनीच्या व्हीपीएनची. पहिल्या दोन रेघा जवळजवळ सपाट. तिसरी रोज संध्याकाळी सहानंतर डोंगर चढायची. म्हणजे हिंगणघाट ठणठणीत होतं, दम लागत होता कंपनीच्या व्हीपीएनला! तिने फाइल मेल केली. व्हीपीएनची क्षमता वाढवली गेली आणि तिचं घरून काम आणखी सहा महिन्यांसाठी मंजूर झालं. सॉरी कुणी म्हटलं नाही. पण नोकरी आहे आणि ती आईजवळ आहे. तीन रेघांनी एवढं केलं, हे काय कमी आहे?

आणि आता नाण्याची दुसरी बाजू

इतकं कौतुक झाल्यावर एक धोक्याची घंटा. बऱ्याच कंपन्या आता हीच मॉनिटरिंग सिस्टिम कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर टाकायला लागल्यात. 'एंडपॉइंट एजंट' म्हणतात त्याला. हेतू चांगला असतो, तुमचा कॉल का तुटला हे आयटी टीमला दिसावं. पण एजंट काय काय गोळा करतो, हे सेटिंगवर अवलंबून असतं. वायफायचं नाव आणि सिग्नल, इतपत ठीक. पुढे कोणत्या वेबसाइट उघडल्या, किती वाजता लॅपटॉप जागा होता, तुम्ही कुठून कनेक्ट झालात, इथपर्यंत मजल जाऊ शकते. लाइनवर नजर ठेवता ठेवता ती माणसावर कधी सरकली, कळतही नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. पण नोकरीच्या कारणासाठी काही बाबतीत मालकाला संमतीशिवाय डेटा वापरायची मुभाही त्याच कायद्यात आहे. म्हणजे सगळा भार कायद्यावर टाकून चालणार नाही. तुम्ही विचारायलाच हवं. माझ्या मैत्रिणीचा ग्राफ तिच्या हातात होता, म्हणून ती वाचली. तोच ग्राफ फक्त कंपनीच्या हातात असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

ट्राय करून बघा!

• स्पीड टेस्ट करताना एमबीपीएसच्या आकड्यावर खूश होऊ नका. डाउनलोड चालू असतानाची लेटन्सी बघा. ऊकला आणि क्लाउडफ्लेअर या दोन्ही टेस्टमध्ये ती दिसते.

• पैसे न घालवता सुरुवात करायची असेल तर स्मोकपिंग किंवा अपटाइम कुमा ही ओपन सोर्स टूल्स आहेत. ऑफिसातला एखादा टेक्नो-सॅव्ही मित्र चहावर पटवा.

• एका वेळी तीन ठिकाणं मोजा. घरचा राउटर, बाहेरचा एखादा मोठा सर्व्हर आणि तुमचं रोजचं कामाचं सॉफ्टवेअर. दोष कुणाचा ते रेघाच सांगतील. आणि मोजताना वायफाय नको, केबल लावा. नाहीतर भिंतीचा दोष कंपनीच्या माथी बसेल.

• तक्रार केल्यावर डॉकेट नंबर घ्याच. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे ३० दिवसांत अपील करता येतं. सोबत तारीख-वेळेसकट ग्राफ जोडा.

• दुसरं कनेक्शन घेताना पहिला प्रश्न किमतीचा नको. "तुमची वायर कुठून येते?" हा हवा.

• कंपनीने लॅपटॉपवर एजंट टाकला, तर तीन गोष्टी मेलवर विचारा. काय गोळा होतं, किती दिवस ठेवलं जातं, आणि माझा डेटा मला बघता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं, तर जुन्या लॅपटॉपवर तुमची स्वतःची वही आजच सुरू करा. तीन महिन्यांनी लागली, तर हाताशी असेल. भेटूच पुढच्या आठवड्यात!